दोन धातूंमधला लेप

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. माणसाचा नव्हे, खाटेचाही नव्हे, विमानाचा. विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पंख येतात. येणारच. गच्चीवरून मान वर करून बघितलं की पंखच दिसतात. पण वर गेलेलं विमान कधीतरी खाली यायचं असतं, आणि ते खाली आलं की त्याचा सगळा भार आम्हा पायांवर पडतो.

हे माझ्याआधी यशोदाबाईंना कळलं. यशोदाबाई म्हणजे आमच्या कारखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी. महाळुंग्यातलं जुनं घर त्यांचं. चारी बाजूंनी कंपन्या उभ्या राहिल्या, शेतं गेली, बांध गेले, पण त्यांच्या तोंडातली ओवी काही गेली नाही. मी नवाकोरा असताना माझ्यावरची धूळ पुसता पुसता त्या गुणगुणल्या होत्या,

आभाळात उडे त्याला, पंखाची गं आस
जमिनीला टेके तवा, पायाचा इस्वास

ती ओवी ऐकली आणि मला माझं काम समजलं.

माझा जन्म चाकणच्या पट्ट्यातला. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा एक तापलेला ठोकळा साच्यात घातला, वरून दाब दिला, आणि मला ओबडधोबड आकार आला. मग महाळुंग्याच्या या लहानशा कारखान्यात मला आणलं. इथं मला लेथवर कातलं, भोकं पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या. माझ्याच साच्यातून माझा जुळा भाऊ निघाला, तो उजवा पाय. मी डावा. दोघंही रुपेरी, दोघंही वजनाला हलके. दोन हातांत तान्ह्या पोरासारखं कुणीही उचलून घ्यावं असे.

माझ्या वरच्या टोकाला एक मोठं भोक आहे. त्यातून पोलादाची जाड पिन जाते. विमान जमिनीला टेकलं की त्या पिनेभोवती मी किंचित झुलतो, आणि हादरा आतल्या माणसांपर्यंत पोचत नाही. पण पोलाद कडक, मी मऊ. ते मला घासून खाईल. म्हणून भोकाच्या आत ब्राँझची एक बांगडी बसवतात. कारखान्यात तिला बुश म्हणतात. पिनेचं घासणं ती सोसते, म्हणून मी शाबूत राहतो.

मित्रांनो, इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण माझं सगळं आयुष्य तिच्यावर फिरलं. आम्ही धातू दिसायला मुके असलो तरी आमचे स्वभाव वेगळे असतात. मी अॅल्युमिनियम, ती ब्राँझ. दोघं कोरडे असू तोवर गुण्यागोविंदानं राहतो. पण आमच्यामध्ये खारट पाण्याचा एक थेंब शिरला, की तुमच्या विजेरीतल्या सेलसारखं काहीतरी सुरू होतं. बारीकसा विजेचा प्रवाह वाहू लागतो. त्यात ती तशीच राहते आणि मी कणाकणानं विरघळतो. माझी पांढरी भुकटी होते. यात तिचा दोष नसतो. माझाही नसतो. मध्ये आलेल्या पाण्याचा असतो, आणि ते येऊ देणाऱ्याचा.

ते येऊ नये म्हणून दोघांच्या मध्ये एक लेप भरतात. पिवळसर, चिकट, वाळला की रबरासारखा होणारा. आणि तो लेप भरावा तर कादरभाईंनी.

कादर इनामदार काळेवाडीचे. आमच्या कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. बुटके, करडी दाढी, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. लेप लावताना ते कुणाशी बोलायचे नाहीत. बांगडीच्या पाठीवर बोटानं लेप फिरवायचे, मग माझ्या भोकात आतून फिरवायचे, मग दाब देणाऱ्या प्रेसखाली ठेवून तिला हळूहळू आत सरकवायचे. कडेनं लेप सारखा बाहेर आला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. शेवटी, लुगड्याला गोट भरावा तशी त्या सांध्यावरून लेपाची एक बारीक कड ओढायचे. नव्या कामगारांना ते एकच सांगत, कोरडं लगीन लावायचं नाही.

माझं लगीन लागलं तेव्हा यशोदाबाई झाडू घेऊन शेजारीच उभ्या होत्या. पिवळा लेप बघून त्यांना हळद आठवली.

रुपेरी गं नवरदेव, नवरी तांबूस
मधी हळदीचा लेप, करू नका कंजूस

कादरभाई हसले आणि त्यांनी बोटभर लेप आणखी घेतला.

कारखान्याच्या दारातल्या भिंतीवर एक काळी पाटी होती. मालक निरंजन यांच्या वडिलांनी ती लावली होती. तिच्यावर खडूनं लिहिलेलं असे, ‘कादर इनामदार. परत आलेली कामं – ०’. कादरभाईंनी बसवलेला एकही भाग कधी खोट निघून परत आला नव्हता. नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी ती पाटी दाखवत.

मग मी निघालो. एका उड्डाण-शाळेतल्या दोन माणसांच्या शिकाऊ विमानाला आम्हा दोघा भावांना जोडलं. शिकाऊ विमानाचे पाय होणं सोपं नसतं, मित्रांनो. तिथं येणारा प्रत्येक जण उतरायलाच शिकत असतो. कुणी दाणकन आपटायचा, कुणी तीन उड्या मारत यायचा, कुणी सगळा भार एकट्या माझ्यावर टाकायचा. आम्ही सोसत होतो, आणि खरं सांगू, त्यात आनंद होता. मैत्री नावाची एक मुलगी होती. पहिल्यांदा एकटी उडाली तेव्हा वारा आडवा होता. ती आली ती आधी माझ्यावर, मग भावावर, आणि मग नाकाखालच्या चाकावर. इतकी अलगद, की मला चिमटा बसल्याएवढंही लागलं नाही. खाली उतरून तिनं सगळ्यांशी हात मिळवले, आणि जाता जाता वाकून माझ्यावर थाप मारली. पंखांना सगळेच हात लावतात. पायाला थाप देणारी ती एकटीच.

मग वाईट दिवस आले. साथीच्या काळात शाळा बंद पडली आणि विमान उघड्यावर उभं राहिलं. दोन पावसाळे गेले. माझं ग्रीस वाळलं, रंग उडाला, चिमण्यांनी माझ्या मागच्या खाचेत गवताच्या काड्या भरल्या. कुणी विचारपूस केली नाही. तरी बांगडीच्या आत मी कोरडा होतो. कादरभाईंचा लेप पहारा देत होता.

शाळा पुन्हा उघडली. नियमाप्रमाणे आम्हा दोघांना सोडवून तपासणीसाठी महाळुंग्याला पाठवलं. पेटी उघडली आणि वर तोच चष्मा, तीच तारेची काडी. दाढी मात्र पूर्ण पांढरी. कादरभाईंनी माझा नंबर वाचला, जुनं रजिस्टर काढलं, आणि म्हणाले, “अरे, हा तर माझ्या हातचा.”

त्यांनी जुनी झिजलेली बांगडी काढली. आत मी लखलखीत होतो. अकरा वर्षांनी. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आम्रपालीला बोलावून ते दाखवलं.

आम्रपाली कारखान्याची तपासनीस. पिंपळे गुरवची. तिचे वडील एका मोठ्या कंपनीत आयुष्यभर शिफ्ट करून निवृत्त झाले होते. ती आमच्याकडे आली तेव्हा तिला मोजपट्टी धरायलाही कादरभाईंनीच शिकवलं, आणि नखानं खोट ओळखायलाही. ती त्यांना चाचा म्हणे. शेवटची सही आता तिची असायची. तिच्या सहीशिवाय कुठलाच भाग दाराबाहेर जात नसे.

आम्ही दोघं पाय म्हणजे कादरभाईंचं शेवटचं मोठं काम. फेब्रुवारीत ते निवृत्त होणार होते. आधी त्यांनी भावाला नवी बांगडी घातली, कड ओढली, पेटीत ठेवलं. मग मला घेतलं. बांगडी बसली, लेप सारखा बाहेर आला, पण कड ओढायची राहिली. कारण त्या दिवशी होती खंडेनवमी.

खंडेनवमी म्हणजे आमच्याकडे हत्यारांचा दिवस. सकाळपासून पाणी मारून यंत्रं धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात. लेथ, ड्रिल, प्रेस, अगदी मोजपट्टीलासुद्धा हळदकुंकू लागतं. आणि आमच्या कारखान्याची एक वेगळी रीत होती. निरंजन यांच्या वडिलांनीच घालून दिलेली. पूजेचा नारळ सगळ्यात जुन्या हातानं फोडायचा. म्हणजे गेली कितीतरी वर्षं कादरभाईंनी. लेथवाले त्यांना चिडवत होते, की एका फटक्यात फुटला नाही तर यंदा रिटायर होऊ देणार नाही, अजून एक वर्ष घासायला लावू. कादरभाई म्हणाले, मग मुद्दामच दोन फटके मारतो.

पण नारळ एकाच फटक्यात फुटला. काम घट्ट पकडणाऱ्या व्हाइसच्या जबड्यावर. वाटीत पाणी धरून ते एकेका यंत्रावर शिंपडत निघाले. मला टेबलावर सगळ्यांच्या मधोमध ठेवलं होतं, माळ घालून. यशोदाबाईंनी माझ्या वरच्या टोकाला, बरोबर बांगडीच्या काठाशी, हळदीचं बोट ओढलं, त्यावर कुंकू लावलं आणि नमस्कार केला. मग कादरभाई माझ्यापाशी आले. सगळ्या यंत्रांवर त्यांनी दोन-दोन थेंब शिंपडले होते. माझ्यावर वाटीत उरलेलं सगळं पाणी रितं केलं. हे त्यांचं शेवटचं मोठं काम होतं. हातून निघालेल्या लेकराला जरा जास्तच दिलं, एवढंच.

मित्रांनो, नारळाचं पाणी गोड लागतं. पण त्यात क्षार असतात. आणि हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं. तो चुनाही आम्हाला सोसत नाही. माझ्या आणि बांगडीच्या मध्ये लेप अजून ओला होता, कड ओढलेली नव्हती. केसाएवढी फट होती. थेंब आत उतरला. मला गार वाटलं. बरंही वाटलं. मलाही कळलं नाही.

एरवी काम पुढे न्यायचं असलं की कादरभाई त्याच्यावर धुळीचा कण ठेवत नसत. पण त्यांच्या मनात आलं, यशोदाबाईंनी मनापासून लावलंय, लगेच पुसायचं कसं. दसरा होऊ दे. दुसऱ्या दिवशी दसरा होता, त्याला जोडून गुरुवारची साप्ताहिक सुट्टी आली. शुक्रवारी ते आले, फडक्यानं कुंकू पुसलं, आणि त्या सांध्यावर लेपाची सुंदर, सरळ कड ओढली. वरून रंग दिला. थेंब आतच राहिला. दोन पावसाळ्यांची हेळसांड जे करू शकली नव्हती, ते एका सकाळच्या लाडानं केलं.

नव्या पिना यायला उशीर झाला. चार महिने मी मेणकागदात गुंडाळून फळीवर पडून होतो. आत काय चाललंय ते मला कळत होतं. दात किडताना जसं आतून ठणकतं, तसं. पण मला तोंड नाही.

फेब्रुवारीतला एक मंगळवार. शुक्रवारी आम्हाला पाठवायचं होतं, शनिवारी कादरभाईंचा निरोप समारंभ होता. उड्डाण-शाळेतले साहेब स्वतः येऊन त्यांचा सत्कार करणार होते. निरंजन यांनी दारातली पाटी नव्यानं रंगवून घेतली होती आणि खडूचं शून्य पांढऱ्या रंगानं ठळक केलं होतं.

आम्रपालीनं मला उलगडलं. मोजलं. सगळी मापं बरोबर आली. मग तिनं, शिकवल्याप्रमाणे, डोळे मिटून माझ्या अंगावरून नख फिरवलं. बांगडीच्या काठाशी नख अडलं. तिथं रंगाखाली एक फुगोटी होती. तांदळाच्या दाण्याएवढी.

तिनं डोळे उघडले. माझ्यासोबतचं कामाचं कार्ड वाचलं. ‘बसवणारे: का. इनामदार.’ मग तिनं काय केलं, तर त्या फुगोटीवर अंगठा ठेवला आणि तशीच उभी राहिली. बराच वेळ. तिच्या अंगठ्याची ऊब मला लागत होती. तिला माहीत होतं खाली काय असणार. आणि तिनं ते कार्डावर लिहिलं, तर पहिल्यांदाच, तेही शेवटच्या आठवड्यात, चाचांच्या नावापुढे खोट लागणार होती. लिहिलं नाही, तर मी कुठल्यातरी मैत्रीच्या विमानाला जोडला जाणार होतो.

तिनं सही केली नाही. लिहिलंही नाही. कार्ड खणात टाकलं.

संध्याकाळी निरंजन यांनी विचारलं तेव्हा तिनं त्यांना फुगोटी दाखवली. निरंजन काही वाईट माणूस नाहीत. कादरभाईंच्या मांडीवर खेळलेले. त्यांनी ती वाकून बघितली, मग म्हणाले की रंगाचाच दोष असेल, घासून पुन्हा रंग देऊ. एवढा शनिवार होऊ दे. आम्रपालीनं विचारलं, की आपण शुक्रवारीच पाठवणार, मग शनिवारनंतर बघायचं काय. निरंजन सकाळी ठरवू म्हणाले, आणि गेले.

सकाळी कुणीच काही ठरवलं नाही. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आम्रपालीनं मला दोन्ही हातांत उचललं. कादरभाई ग्राइंडरमागच्या बाकावर डबा उघडून बसले होते. तिनं मला त्यांच्या शेजारी ठेवलं.

“चाचा, जरा बघता?”

त्यांनी बोटं पुसली, चष्मा लावला, आणि तिनं न दाखवताच नख नेमकं तिथं नेलं. एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलं नाही.

“कधी दिसलं?”

“काल. सकाळी.”

“मग काल का नाही आणलंस?”

आम्रपाली खाली बघत म्हणाली, “शनिवारी तुमचा कार्यक्रम आहे म्हणून.”

“शनिवार माझा आहे गं. पाय कुणाचाय?”

कादरभाईंच्या हातात अर्धी भाकरी होती. ती त्यांनी परत डब्यात ठेवली, झाकण लावलं, दोन्ही कड्या दाबल्या. त्यांना राग आला होता. कुणाचा, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मग ते उठले.

“प्रेस रिकामी आहे का बघ. आणि तूच दाब. माझा हात आज नको.”

मित्रांनो, बांगडी निघताना मला वेदना झाल्या, पण सुटल्यासारखंही वाटलं. उजेड आत आला. भोकाच्या एका अंगाला, बोटभर जागेत, मी पांढरा भुसभुशीत झालो होतो. पिठासारखी भुकटी खाली कागदावर पडली. आणि त्या पांढऱ्या भुकटीत एक बारीक लालसर रेघ होती.

कादरभाईंनी ती चिमटीत घेतली. उजेडाकडे धरली. मग त्यांनी टेबलाकडे बघितलं, खंडेनवमीला मी जिथं माळ घालून बसलो होतो तिथं. आम्रपालीलाही कळलं. तिनं तोंड दुसरीकडे केलं.

एवढ्यात यशोदाबाई झाडू घेऊन आल्या. त्यांनी कागदावरची लाली बघितली आणि कुणी काही सांगायच्या आधीच खाली बसल्या. “माजंच कुकू हाय ते. माज्याच हातानं घात झाला, कादरभाऊ. मला मेलीला काय म्हाईत ह्याला सोसत न्हाई.”

“कुंकू तुमचं, यशोदाबाई,” कादरभाई म्हणाले. “पण ते पुसायचं काम माझं होतं. पाणीही मीच ओतलं. तुम्ही उठा बघू आधी.”

त्यांनी कार्ड मागितलं. निरंजन तोवर येऊन उभे राहिले होते. त्यांनी हळूच सुचवलं, कारण समजले नाही, असं लिहिलं तरी चालतं. कादरभाईंनी कार्डावर त्यांच्या जाडजूड अक्षरात लिहिलं: ‘कड ओढण्यापूर्वी सांध्यात नारळाचे पाणी गेले. न वाळवता कड ओढली. चूक माझी. का. इनामदार.’ मग पेन आम्रपालीपुढे धरलं. तिनं मोजमाप घेतलं. खड्डे चालतील त्यापेक्षा खोल होते, घासून निघण्यासारखे नव्हते. तिनं ‘नापास’ लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना तिचे डोळे भरले होते, पण अक्षर सरळ आलं. कादरभाईंनी ते अक्षर निरखून बघितलं आणि मान हलवली.

मी आता कधीच उडणार नव्हतो. हे तुम्हाला सांगताना मला अजूनही थोडं जड जातं. विमानाखालची माझी जागा, माझा वारा, धावपट्टीचा तो पहिला खरखरीत स्पर्श. सगळं त्या एका सहीत संपलं. पण त्याच सहीत एक अनोळखी पोर वाचलं, जे माझ्यावर भार टाकून उतरणार होतं.

गुरुवारी कारखाना बंद. शुक्रवारी निरंजन कादरभाईंना दारातल्या पाटीपाशी घेऊन गेले. त्यांनी रात्रभर विचार केला असावा. म्हणाले, काम दाराबाहेर गेलंच नाही, तर परत आलं कसं म्हणायचं? शून्य शून्यच राहतं, कादरभाई, पाटी अशीच ठेवू.

कादरभाई म्हणाले, “गेलं नाही, कारण आम्रपालीनं अडवलं. शून्य राहिलंय, बरोबर आहे. पण ते माझं नाही, तिचं आहे.”

आणि रंगकामाचा ब्रश घेऊन त्यांनी स्वतःच्या नावावर काळा रंग फिरवला. शून्य तेवढं ठेवलं.

शनिवारी समारंभ झाला. उड्डाण-शाळेतल्या साहेबांना निरंजन यांनी सगळं खरं सांगितलं आणि डावा पाय उशिरा मिळेल म्हणून माफी मागितली. साहेब म्हणाले, की उशीर चालेल, आणि ते कार्ड त्यांनी मागून घेऊन दोनदा वाचलं. कादरभाईंना शाल दिली. त्यांना चार शब्द बोला म्हटलं. त्याऐवजी ते सगळ्यांना आत घेऊन गेले, करवतीपाशी. नापास भाग कापून टाकायचा नियम आहे, कुणी चुकून पुन्हा वापरू नये म्हणून. शाल काढून त्यांनी ती यशोदाबाईंच्या हातात दिली आणि मला करवतीत धरलं. आम्रपालीनं दुसरं टोक धरलं. मी भोकाच्या बरोबर मधून दुभंगलो. ज्या अर्ध्यात ते खड्डे होते, त्या अर्ध्याच्या कडा कादरभाईंनी घासून बोथट केल्या, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून.

नव्या डाव्या पायाला बांगडी आम्रपालीनं बसवली. निवृत्त झालेले कादरभाई त्या दिवशी काळेवाडीहून बसनं आले होते. हात पाठीमागे बांधून उभे राहिले. कड ओढण्यापूर्वी तिनं सांधा धुतला, गरम हवेनं वाळवला, पुन्हा बघितला, आणि मगच ओढली. माझा भाऊ आता त्या नव्या पायाबरोबर उडतो. बरं चाललंय म्हणतात.

मी नव्या कामगारांच्या टेबलावर असतो. ते माझ्या खड्ड्यांत बोट घालून बघतात. दर खंडेनवमीला मला अजूनही माळ घालतात. मात्र आता नारळ दाराबाहेर पायरीवर फुटतो, आणि यशोदाबाई हळदकुंकू विड्याच्या पानावर ठेवून ते पान आमच्याशेजारी ठेवतात. नमस्कार पूर्वीसारखाच वाकून करतात. आम्हाला तो पोचतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी सायकल असेल, पाण्याचा पंप असेल, खिडकीची बिजागरी असेल. दोन वेगळे धातू एकत्र नांदत असतील तिथं त्यांना कोरडं ठेवा. त्यांच्यावर माया करा, पण त्यांना काय सोसतं ते विचारून करा. आणि कधी कुठं तांदळाच्या दाण्याएवढी फुगोटी दिसली, तर तिच्यावर अंगठा ठेवून उभे राहू नका. ती तुमच्या आवडत्या माणसाच्या हातून झालेली असली, तर सगळ्यात आधी त्यालाच दाखवा. तो रागावेल. हातातली भाकरी डब्यात परत ठेवेल. पण मग उठेल, आणि तुमच्याबरोबर प्रेसपर्यंत चालत येईल.